बहीण भारतीय, भाऊ नाही? मुंबईत जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टचा प्रश्न

वडाळाकर

नमस्कार मंडळी. ओळखीच्या एका कुटुंबासाठी विचारतोय.

वडील रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १९७४ चा. आई बांगलादेशची. २००१ मध्ये पासपोर्ट-व्हिसावर रीतसर आली, २००२ मध्ये व्हिसा संपला आणि ती इथेच राहिली. लग्न इथेच झालं. मुलगी मार्च २००३ ची, मुलगा नोव्हेंबर २००९ चा. दोघंही मुंबईत जन्मले, दोघांचे पालिकेचे जन्मदाखले आहेत, आधार आहे, शाळा मराठी माध्यमाची.

मुलीला पासपोर्ट मिळाला, काही अडचण आली नाही. मुलाचा अर्ज केला तेव्हा पडताळणीला आलेल्या पोलिसांनी आईचे कागद मागितले आणि आता पासपोर्ट कार्यालयाची ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आहे. एकाच आईबापाची मुलं, एकाच शहरात जन्मलेली, मग एकीला पासपोर्ट आणि दुसऱ्याला नोटीस, हे कसं? नोटिशीला उत्तर काय द्यायचं? आणि आईला परत पाठवलं तर मुलालाही पाठवतील का?

अ‍ॅड_फोर्ट

कसं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की नोटिशीचं उत्तर निम्मं लिहून होतं.

भारतात जन्म झाला म्हणजे भारतीय, हा नियम ३० जून १९८७ पर्यंत जन्मलेल्यांसाठी होता. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ३. त्यात जन्मतारखेनुसार तीन कप्पे आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ मध्ये इथे जन्मलेला माणूस नागरिक, आईबाप कुठलेही असोत (परदेशी राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडून). १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ मध्ये जन्म असेल तर जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय असला की पुरे. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र दोघंही भारतीय हवेत, नाहीतर एक भारतीय आणि दुसरा ‘बेकायदा स्थलांतरित’ नसलेला हवा.

मुलगी मधल्या कप्प्यातली. वडील भारतीय, विषय संपला. आईचा व्हिसा तेव्हा संपलेला होता की नव्हता, हे तिच्या बाबतीत कायदा विचारतच नाही. तिचा पासपोर्ट बरोबर दिला गेला आहे आणि भावाच्या प्रकरणामुळे त्याला धक्का लागायचं कारण नाही.

मुलगा तिसऱ्या कप्प्यातला. ‘बेकायदा स्थलांतरित’ म्हणजे फक्त कुंपणाखालून आलेला माणूस नव्हे. वैध कागदांवर येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेलाही त्याच व्याख्येत बसतो, कलम २(१)(ख). म्हणून नोव्हेंबर २००९ मध्ये आईकडे राहण्याचा परवाना नसेल, तर मुलगा जन्माने नागरिक ठरत नाही. ऐकायला कठोर वाटेल, पण कलमात पळवाट नाही.

आता एकच प्रश्न महत्त्वाचा. मुलाच्या जन्माच्या दिवशी आईची कायदेशीर स्थिती काय होती? आज काय आहे याचा उपयोग नाही, उद्या व्हिसा नियमित करून घेतला तरी तो मागे लागू होत नाही. आईचा जुना पासपोर्ट काढा आणि प्रत्येक पान बघा. मुदतवाढीचा शिक्का, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाचा निवास परवाना, दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी केलेला अर्ज, त्याची पोच, काहीही. लोक ‘व्हिसा संपला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा पहिल्या व्हिसाबद्दल बोलत असतात, नंतर कुणीतरी मुदत वाढवून घेतलेली असते आणि ती वही ट्रंकेच्या तळाशी असते. त्या तारखेला एक जरी वैध परवाना चालू असेल तर मुलगा सरळ भारतीय आहे आणि नोटिशीला तेवढी प्रत जोडून उत्तर होतं.

आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला यांच्या प्रती उत्तराला जोडून जाडी वाढवू नका. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलं आहे की आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर हेच सांगितलं: आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र हातात आहे म्हणून कुणी नागरिक होत नाही.

दाखलेवाली

वकीलसाहेबांच्या उत्तराला पासपोर्टच्या बाजूने जोड देते.

अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत आईवडील परिशिष्ट ‘ड’ सही करून देतात. त्यात मूल भारतीय नागरिक असल्याचं प्रतिज्ञापन असतं. बहुतेक एजंट हा कागद न वाचता समोर सरकवतात. वडाळाकर, तुमच्याकडच्या अर्जाची प्रत काढून बघा, आईचं जन्मस्थान आणि राष्ट्रीयत्व कुठे काय लिहिलंय. कुणी ‘सोय’ म्हणून तिचं गाव पश्चिम बंगालमधलं दाखवलं असेल तर आत्ताच कळायला हवं.

कारण पासपोर्ट कायद्याचं कलम १२ इथे आडवं येतं. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची माहिती दडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. आणि भारतीय नसताना राष्ट्रीयत्व दडवून पासपोर्टसाठी अर्ज केला तर किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं, वर दहा ते पन्नास हजार दंड, कलम १२(१क). वडिलांनी चांगल्या समजुतीने केलेला अर्ज वेगळा आणि खोटं गाव लिहिलेला वेगळा.

नोटिशीवर उत्तराची मुदत छापलेली असते, ती चुकवू नका. उत्तर नाही गेलं तर फाईल बंद होते आणि पुढच्या अर्जात ‘पूर्वी पासपोर्ट नाकारला होता का’ या रकान्यात ते कायमचं येतं. उत्तरात काय हवं: वडील भारतीय कसे त्याचा पुरावा, मुलाचा जन्मदाखला, आई कधी आणि कोणत्या व्हिसावर आली त्याची खरी तारीख, आणि तिच्या त्या दिवसाच्या स्थितीचा असेल तो कागद. नसेल तर तसं लिहा आणि ‘नागरिकत्व नोंदणीसाठी स्वतंत्र अर्ज करत आहोत’ असं नमूद करा. नकार आलाच तर लेखी कारणांसह आदेश मागा. त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं.

वडिलांचा पुरावा सोपा आहे. १९७४ चा जन्म म्हणजे पहिला कप्पा, फक्त भारतात जन्मल्याचं दाखवायचं. गावच्या जन्मनोंदीसाठी तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल मागा. जातपडताळणीला लोक हीच काढतात. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, पण त्यात जन्मस्थळाचा रकाना कोरा नाही ना ते बघा. जुन्या दाखल्यांत तो बऱ्याचदा कोराच असतो.

खारदांडा

आई हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन वगैरे असेल तर सगळं चित्र बदलतं. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार (सीएए) बांगलादेश, पाकिस्तान, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ किंवा त्याआधी आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन बेकायदा स्थलांतरित धरले जात नाहीत. नियम ११ मार्च २०२४ ला आले. कलम ६ख खाली प्रमाणपत्र मिळालं की ती व्यक्ती भारतात आल्याच्या तारखेपासून नागरिक मानली जाते. म्हणजे २००१ पासून. मग मुलाच्या जन्मावेळी दोन्ही पालक नागरिक होते असा दावा उभा राहतो.

अर्ज ऑनलाइन होतो, छाननी जिल्हा समिती करते आणि तिचा प्रमुख टपाल खात्याचा अधिकारी असतो, जिल्हाधिकारी नाही. मूळ देशाच्या पुराव्यासाठी नऊ प्रकारचे कागद चालतात, भारतात आल्याच्या तारखेसाठी वीस प्रकारचे. प्रत्येक यादीतला एकेक पुरे.

वडाळाकर

सगळ्यांचे आभार. आई मुस्लिम आहे, त्यामुळे हा रस्ता नाही. जुना पासपोर्ट सापडला. २००२ नंतर एकही शिक्का नाही. अर्जात आईचं गाव खरंच लिहिलं आहे, तेवढं बरं. आता पुढे?

अ‍ॅड_फोर्ट

मग पासपोर्टचा हट्ट सोडा, आधी नागरिकत्व. आणि इथे घड्याळ चालू आहे. मुलगा नोव्हेंबर २०२७ मध्ये अठरा पूर्ण करेल. त्याच्या आत अर्ज गेला पाहिजे.

कलम ५(४): विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीनाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. तुमच्या मुलासाठी हेच कलम. लोक चुकून ५(१)(घ) खाली अर्ज करतात, म्हणजे ‘नागरिकांची अल्पवयीन मुलं’. गृह मंत्रालय त्याचा अर्थ दोन्ही पालक नागरिक असा घेतं आणि अर्ज वर्षभराने परत येतो. तोवर मूल सज्ञान. ओसीआय कार्डाचाही (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) विचार करू नका. आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबांपैकी कुणी पाकिस्तान वा बांगलादेशचा नागरिक असेल तर कलम ७क मध्येच दार बंद आहे.

अर्ज केंद्राच्या नागरिकत्व पोर्टलवर भरायचा, छापील संच जिल्हाधिकाऱ्यांकडे. वडाळा मुंबई शहर जिल्ह्यात येतं, म्हणजे फोर्टातलं जुनं जकात घर. (कुर्ला, मानखुर्द वगैरे असतं तर उपनगर, वांद्रे पूर्वेची प्रशासकीय इमारत. चुकीच्या जिल्ह्यात दिलेला संच तिकडे नुसता पडून राहतो.) नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत राज्याकडे आणि राज्याने ३० दिवसांत केंद्राकडे पाठवायचा असतो. प्रत्यक्षात गुप्तवार्ता आणि पोलीस अहवालांत जास्त वेळ जातो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक मागून घ्या. तो नसेल तर पुढे माहितीच्या अधिकारात विचारायला काही धरायला उरत नाही.

‘विशेष परिस्थिती’ ही मुलाची असते, आईची नव्हे. वडील आणि सख्खी बहीण भारतीय नागरिक, जन्मापासून सलग मुंबईत वास्तव्य (बालवाडीपासूनचे सगळे दाखले, लसीकरणाचं कार्ड), दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट कधीही घेतलेला नाही, वगैरे. प्रतिज्ञापत्रात दया मागण्यात पानं घालवू नका, तारखा द्या.

एक सावधगिरी. बांगलादेशच्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीनंतर आईकडूनही वंशाने नागरिकत्व मिळतं. ‘मग तिकडचा पासपोर्ट काढून व्हिसावर ठेवू’ असा सल्ला एजंट देतात. तो कागद काढला की आपण स्वतः लिहून दिलं की मुलगा परदेशी आहे. ५(४) चा निकाल लागेपर्यंत तिकडे जाऊ नका.

शिवडी_लोकल

परत पाठवण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

आईचा प्रश्न वेगळा आणि खरा गंभीर तोच आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून जुना विदेशी नागरिक कायदा १९४६ जाऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट २०२५ लागू आहे. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनाकागद घुसल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागद वापरल्यास दोन ते सात वर्षं. म्हणून आईच्या नावावर आधार, पॅन, मतदार कार्ड असेल तर ते कोणत्या माहितीवर काढलं ते वकिलाला आधी सांगा. साधं मुदत ओलांडल्याचं प्रकरण तिथूनच बनावट कागदांचं होतं. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्यावर संशय आहे त्याचीच, हे जुन्या कायद्यातून नव्यातही आलं आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की नुसत्या संशयावर ही जबाबदारी टाकता येत नाही, आधी यंत्रणेकडे काहीतरी ठोस आधार हवा.

मुलीला कुठेही पाठवता येत नाही, ती नागरिक आहे. मुलगा कागदोपत्री नागरिक नसला तरी तो भारतात ‘आलेला’ नाही, इथेच जन्मला आहे, आणि व्याख्येत ‘प्रवेश केलेला’ असे शब्द आहेत. म्हणून तो बेकायदा स्थलांतरित ठरत नाही, हा युक्तिवाद वकिलाने करायचाच. पण हा न्यायालयातला युक्तिवाद झाला. पोलीस ठाण्यात रात्री अकरा वाजता त्याचा उपयोग नाही. तिथे उपयोग कागदांचा.

मे २०२५ मध्ये गृह मंत्रालयाने राज्यांना सूचना दिली: जो भारतीय असल्याचं सांगतो त्याची पडताळणी त्याच्या मूळ राज्या-जिल्ह्याकडून ३० दिवसांत करून घ्या. जूनमध्ये मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर ही पडताळणी पुरी न होताच सीमेपार ढकलले गेले आणि त्यांच्या राज्य सरकारने हालचाल केल्यावर परत आले. दिल्लीतून पाठवलेल्या बीरभूमच्या गरोदर महिलेच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ही कारवाई रद्द केली, तीही चौकशीची पद्धत पाळली नाही म्हणून. तिच्यासोबत तिचा लहान मुलगाही पाठवला गेला होता. आई उचलली की मूलही त्याच गाडीत बसवलं जातं, हे यात दिसतं. म्हणून वडाळाकर, हे करून ठेवा:

मुलाच्या सगळ्या कागदांचा एक संच वडिलांकडे, एक मुलीकडे, एक फोनमध्ये. आईला चौकशीला बोलावलं तर मुलाला सोबत नेऊ नका. मुलगा वडिलांच्या ताब्यात आहे, ते कायदेशीर पालक आहेत, त्याला आईबरोबर ठेवायची गरज नाही, हे लेखी देऊन पोच घ्या. मुलाला ताब्यात घेतलंच तर २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं, तिथे वडिलांनी मूळ जन्मदाखला घेऊन उभं राहायचं. आईला प्रत्यक्ष पाठवण्याआधी बांगलादेशच्या इथल्या उपउच्चायुक्तालयाकडून (म्हणजे त्यांच्या वकिलातीकडून) राष्ट्रीयत्वाची खातरजमा आणि प्रवासाचा कागद लागतो, हा रीतसर मार्ग. तो टाळला जातोय असं दिसलं की उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका. अनुच्छेद २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) परदेशी व्यक्तीलाही लागू आहे. देशात राहण्याचा हक्क, १९(१)(ङ), मात्र फक्त नागरिकांना.

वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. स्त्री आणि बालक यांना उत्पन्नाची अट नाही.

अ‍ॅड_फोर्ट

आईसाठी अजून एक. भारतीयाशी लग्न होऊन इथे राहणाऱ्या बांगलादेशी महिलेला दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो, परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ पोर्टलवरून. त्यासाठी चालू पासपोर्ट हवा, म्हणजे आधी त्यांच्या मुंबईतल्या उपउच्चायुक्तालयातून नूतनीकरण. ती वैध व्हिसावर आली होती हा तिच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे, विनाकागद आलेल्यांना तो नसतो. पण वीस वर्षांपेक्षा जास्त मुदत ओलांडली आहे, तेव्हा वकिलाशिवाय थेट खिडकीवर जाऊ नका. आपणहून गेल्याचं श्रेय मिळतंच असं नाही, गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. पत्नी म्हणून नागरिकत्व, ५(१)(ग), सात वर्षांच्या वास्तव्यानंतर, तेही बेकायदा स्थलांतरित नसेल तरच. म्हणजे सध्या नाही.

ठाकुरद्वार

थोडं विषयांतर. आमच्या सोसायटीच्या नेपाळी वॉचमनची मुलगी, जन्म मुंबईत २००६, आईवडील दोघंही नेपाळचे. तिलाही हेच लागू का?

दाखलेवाली

अर्धं लागू. दोघंही परदेशी, त्यामुळे ती भारतीय नाही, मग जन्म मुंबईचा असो की आणखी कुठला. पण नेपाळी माणसाला भारतात यायला-राहायला व्हिसा लागत नाही आणि १९५० च्या करारात राहण्याची, व्यवसायाची मुभा आहे, म्हणून हाकलून देण्याचा प्रश्न सहसा येत नाही. तिने भारतीय पासपोर्टचा अर्ज करू नये. नेपाळमध्ये वडिलांच्या जिल्ह्याच्या प्रशासन कार्यालयातून नागरिकता प्रमाणपत्र काढावं, सोळाव्या वर्षापासून मिळतं, आणि त्यावर नेपाळी पासपोर्ट. मुंबईचा जन्मदाखला तिकडे लागेल. भारतीयच व्हायचं असेल तर कलम ६, बारा वर्षांचं वास्तव्य, आणि त्याचा पुरावा म्हणजे शाळेचे दाखले.

वडील भारतीय आणि आई नेपाळी असती तर मुलगी जन्मानेच भारतीय असती, कारण नेपाळी आई बेकायदा स्थलांतरित ठरत नाही. पडताळणीत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आईचं नेपाळी नागरिकता प्रमाणपत्र दाखवलं की अडत नाही.

वडाळाकर

नोटिशीचं उत्तर वकिलाकडून तयार करून घेतोय. शेवटची शंका: शाळेत नाव आहे, पण पुढच्या वर्षी अकरावीचा अर्ज. कॉलेजने नागरिकत्व विचारलं तर?

शिवडी_लोकल

प्रवेशाच्या अर्जात राष्ट्रीयत्वाचा रकाना असेल तर खोटं लिहू नका, ‘नागरिकत्व नोंदणीचा अर्ज प्रलंबित’ लिहा आणि पोच जोडा. शिक्षण हक्क कायद्यात ‘प्रत्येक बालक’ असा शब्द आहे, पण तो सहा ते चौदा वयासाठी, अकरावीला लागू नाही. म्हणून अकरावीच्या आधी ५(४) चा अर्ज दाखल होऊन पोच हातात असणं हेच खरं काम. जन्मदाखल्यावर आईचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरवर आईचं नाव जुळतंय का तेही आत्ताच बघा. एकीकडे माहेरचं, दुसरीकडे लग्नानंतरचं असं असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय पहिली त्रुटी तिथेच काढतं. दुरुस्तीसाठी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आरोग्य अधिकाऱ्याकडे अर्ज, सोबत लग्नाचा दाखला.